पंधरा वर्षांची मर्सिडीज

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजकांनी व व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज मोटारींचा एकदम ताबा घेतला, तेव्हा सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या सौद्याची वार्ता देशभर गाजली. एकगठ्ठा मागणीच्या बळावर कंपनीशी आणि स्टेट बँकेशी घासाघीस करून सवलत पदरात पाडून घेणाऱ्या त्या मंडळींचे कौतुक झाले, आणि मराठवाड्यात एवढी दौलत आली कोठून, असे आश्चर्यही व्यक्त झाले. मोटार नवी असते तेव्हा चर्चा तिच्या किमतीची होते, हे स्वाभाविकच आहे. परंतु मोटार वाहन कायद्याने खासगी वाहनाच्या पहिल्या नोंदणीस पंधरा वर्षांची मुदत घातलेली आहे, आणि त्या हिशेबाने त्या मोटारींची ती मुदत २०२५ च्या अखेरीस पुरी झाली. आता त्यांपैकी ज्या चालत्या आहेत त्यांच्याबाबत विचारण्याजोगा प्रश्न दुरुस्तीचा आहे, आणि त्याची वाच्यता गॅरेजाच्या दाराबाहेर फारशी होत नाही.

नेरे गावाच्या निमित्ताने हा प्रश्न मांडावा असे मला वाटते. मुळशी तालुक्यातील हे गाव मारुंजीच्या पुढे, कासारसाईच्या वाटेवर आहे. एका अंगाला हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत वाढत वाढत त्याच्या शिवेला भिडत आली आहे, तर दुसऱ्या अंगाला अजून भातखाचरे आहेत, ऊस आहे आणि कासारसाईच्या धरणाचे पाणी आहे. ज्यांच्या सातबाऱ्यावरील जमीन या वीस-पंचवीस वर्षांत बिगरशेती झाली त्यांच्या अंगणांत, आणि नोकरीनिमित्त दूरदूरहून येऊन इथल्या नव्या इमारतींत घरे घेतलेल्या मंडळींच्या पार्किंगात, जुनी मर्सिडीज किंवा जुनी ऑडी उभी दिसणे हे आता नवलाचे राहिलेले नाही. या हौसेला मी नावे ठेवणार नाही. ज्या मुलखाने ही मोटार प्रत्यक्ष घडवली त्या मुलखातील माणसाला ती आपल्या दारात असावी असे वाटले, तर त्यात गैर ते काय? १९५४ साली टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला तो मालमोटारींसाठी, आणि १९६९ पर्यंत देशभर धावणाऱ्या त्या ट्रकांच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. पुढे १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझची हिंदुस्थानातील कंपनी स्थापन झाली आणि १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात ई-क्लास मोटारीची जुळणी सुरू झाली. २००९ मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना उभारला. पिंपरी आणि चाकण ही दोन्ही नेऱ्याच्या परिसरातलीच ठिकाणे. तेव्हा या मोटारीच्या नटबोल्टाला मावळ-मुळशी-खेडकडचे हात लागलेले असणे अगदी संभवनीय आहे.

अडचण हौसेची नाही, हिशेबाची आहे. २०१० साली साधारण ४० लाख रुपये मोजून घेतलेली ई-क्लास आज एखाद्या नव्या लहान हॅचबॅकच्या किमतीत मिळते, आणि घेणाऱ्याची अशी समजूत होते की मोटारीची किंमत उतरली त्याअर्थी तिचा खर्चही उतरला असेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जुना वाडा स्वस्तात पदरात पडला म्हणून त्याचे तुळई-खण दुरुस्त करताना सागवान कोणी जुन्या दराने देत नाही. त्याचप्रमाणे पंधरा वर्षांच्या मर्सिडीजला लागणारा सुटा भाग, त्याचा दर आणि तो बसवणाऱ्या कुशल हातांची मजुरी ही सारी चाळीस लाखांच्या मोटारीचीच असतात, किंबहुना त्यांत दरसाल भरच पडत असते. किमतीचा आलेख खाली आणि दुरुस्तीचा वर, असे हे दोन आलेख जेथे एकमेकांना छेदतात, बहुधा तेथेच पहिला मालक मोटार विकतो. दुसरा किंवा तिसरा मालक ती विकत घेतो तो नेमका त्या बिंदूच्या पलीकडे उभा राहून.

मोटार किती किलोमीटर धावली, हा आपल्याकडील खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते जुन्या आलिशान मोटारीच्या बाबतीत तो दुय्यम आहे. लोखंड धावण्याने झिजते, परंतु रबर, प्लास्टिक आणि तारांवरील वेष्टन ही उभ्या उभ्यासुद्धा म्हातारी होतात, आणि या मोटारीचा सारा सुखसोहळा रबर, प्लास्टिक व तारा यांवरच उभा आहे. इंजिनाची थरथर आत बसलेल्यास जाणवू नये म्हणून ज्या माउंटिंगवर इंजिन टेकवलेले असते त्यांच्या पोटात तेल असते. कालांतराने ते झिरपून जाते आणि सिग्नलला उभी असलेली मोटार हलकेच कापू लागते. पुढच्या चाकांच्या लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट तर आपल्या रस्त्यांचा मार थेट अंगावर झेलतात. हिंजवडी-मारुंजीकडच्या बांधकामांसाठी डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर अहोरात्र ये-जा करतात, त्यांनी उखडलेल्या रस्त्यावर, आणि दर शे-दोनशे पावलांवर कोणी ना कोणी घातलेल्या गतिरोधकांवर, जर्मन महामार्गासाठी आखलेली ही मोटार चालवायची म्हणजे बुशांची वर्षेही निम्मी समजावीत. खडबडीत जागी पुढून टकटक आवाज येऊ लागला की हे काम निघाले असे खुशाल समजावे. ते फार महाग नाही, पण टाळले तर टायर एका कडेने खाल्ले जातात आणि मग खर्च दुप्पट होतो.

एस-क्लासची गोष्ट निराळी. १९९८ मध्ये आलेल्या पिढीपासून या मोटारीला लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेवर चालणारे सस्पेन्शन दिलेले आहे, ज्याला एअरमॅटिक म्हणतात. प्रत्येक चाकापाशी रबराची एक पिशवी, तिच्यात दाबाखालची हवा, आणि ती हवा पुरवणारा एक लहानसा कॉम्प्रेसर. आठ-दहा वर्षांनी त्या रबराला घडीच्या जागी बारीक चिरा पडतात, रात्रभर हवा निसटते, आणि सकाळी पाहावे तो मोटार एका कोपऱ्यावर खाली बसलेली असते. इंजिन सुरू केल्यावर ती पुन्हा वर येते, त्यामुळे मालक निश्चिंत राहतो. पण गळती भरून काढण्यासाठी तो कॉम्प्रेसर आता सतत चालू लागलेला असतो, आणि थोड्याच काळात तोही जळतो. एका पिशवीचे काम दोन भागांचे होते ते असे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून घेतल्यास एका चाकाचा नवा हवेचा शॉकअब्सॉर्बर लाखाच्या घरात जातो; म्हणून बाहेर जुन्या पिशव्या बदलून तयार केलेले शॉकअब्सॉर्बर वापरण्याची वहिवाट पडली आहे, आणि काम चोख असेल तर त्यात वावगे काही नाही. मात्र हवेचे सस्पेन्शन काढून टाकून साध्या स्प्रिंगा बसवण्याचा जो उपाय काही ठिकाणी सुचवला जातो, तो माझ्या मते मोटारीचा स्वभावच मारून टाकतो.

आता गिअरबॉक्स. १९९६ पासून पुढे जवळजवळ दशकभर मर्सिडीजने जो पाच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स वापरला तो मजबुतीबद्दल नावाजलेला आहे, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध दुखणे आहे अवघ्या बोटभर आकाराच्या एका प्लास्टिकच्या बुशाचे. गिअरबॉक्सच्या कुशीत जेथे तारांचा जोड बाहेर पडतो तेथे हा बुश असतो आणि त्यावर रबराच्या दोन बारीक रिंगा. मारुंजी रस्त्यावरील एका गॅरेजात गाडी वर उचललेली असताना कारागिराने तो काढून माझ्या हातावर ठेवला. रिंगांचे रबर वाळून टणक झाले होते, नख लावले तरी दबत नव्हते. त्या कडेने गिअरबॉक्सचे तेल पाझरते, इतकेच असते तर ठीक होते, परंतु ते तेल तारांच्या वेष्टनाच्या आतून केशाकर्षणाने चढत चढत थेट गिअरबॉक्सच्या संगणकापर्यंत पोहोचते. मग एके दिवशी मोटार दुसऱ्या गिअरात अडकून बसते, घाटात असो वा चांदणी चौकात असो, आणि काही केल्या पुढचा गिअर टाकीत नाही. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की ती क्षणभर शहाण्यासारखी वागते. हा बुश काही शेकड्यांत, फार तर हजार-दोन हजारांत मिळतो. तो वेळीच बदलला नाही तर संगणकाचे आणि आतल्या विद्युत-पट्टीचे काम पाच आकड्यांत सहज जाते. त्यातच एके काळी या गिअरबॉक्सचे तेल जन्मभर पुरते असे सांगितले जाई. पुढे कंपनीनेच ते बदलण्याची मुदत घालून दिली, तरी ती जुनी समजूत अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही, आणि वीस वर्षांत एकदाही तेल न बदललेले गिअरबॉक्स आजही गॅरेजांत येतात.

इंजिनांविषयी बोलताना सरसकट विधाने करू नयेत, कारण प्रत्येक इंजिनाची कैफियत वेगळी आहे. २००४ ते २००८ या काळात बनलेल्या सहा सिलिंडरच्या एम-२७२ पेट्रोल इंजिनात बॅलन्स शाफ्टचे दाते अकाली झिजत, कारण ते ज्या धातूचे केले होते तो पुरेसा कणखर नव्हता. या प्रकरणी अमेरिकेत ग्राहकांनी दावेही लावले. तो शाफ्ट बदलायचा तर अखंड इंजिन खाली उतरवावे लागते, म्हणजे भागाच्या किमतीपेक्षा मजुरीच जड होते. सुदैवाने कोणत्या क्रमांकापर्यंतच्या इंजिनांना हा दोष आहे हे ठाऊक असल्यामुळे, खरेदीपूर्वी इंजिनाचा क्रमांक ताडून पाहणे हे सर्वांत स्वस्त औषध आहे. डिझेलकडे वळावे तर सहा सिलिंडरचे ओएम-६४२ हे इंजिन चालवायला अत्यंत समाधानकारक, पण त्याचा ऑइल कूलर सिलिंडरांच्या दोन रांगांमधील घळीत, इंजिनाच्या अगदी पोटात, बसवलेला आहे. त्याच्या तळाच्या रबरी रिंगा उष्णतेने कडक होतात आणि तेल खाली गळू लागते. पहिल्या रिंगा नारिंगी रंगाच्या होत्या; पुढे कंपनीने जांभळ्या रंगाच्या, अधिक उष्णता सोसणाऱ्या रिंगा आणल्या. या रिंगांची किंमत ऐकून मालकाला हायसे वाटते, आणि मजुरीचा आकडा ऐकून तो खुर्चीवर बसतो. टर्बो, इनटेक मॅनिफोल्ड, कितीतरी नळ्या आणि जोड उतरवल्याखेरीज त्या घळीत हात पोहोचतच नाही, आणि हे काम दोन-दोन दिवस चालते. अशा वेळी आणखी चार हजार वाचवण्याच्या नादात जुन्याच नारिंगी रिंगा किंवा बाजारातील बिननावाच्या रिंगा घालणे याइतकी खोटी काटकसर नाही.

२००८ पासून आलेले चार सिलिंडरचे ओएम-६५१ डिझेल इंजिन आपल्याकडील सी आणि ई-क्लासमध्ये विपुल आले. त्याच्या आरंभीच्या काळातील पिएझो इंजेक्टर दगा देत, आणि कंपनीला जगभर ते बदलून द्यावे लागले. त्याची टायमिंग चेन तर इंजिनाच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. म्हणजे जी खडखड इतर मोटारींत समोरचे झाकण उघडून पाहता येते, ती येथे पाहण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्याची तजवीज करावी लागते. थंड इंजिन सुरू होताना पहिले दोन-तीन क्षण मागून साखळीचा खुळखुळ आवाज येतो की काय, याकडे कान द्यावा. चार इंजेक्टर नवे घ्यायचे म्हटले तर लाखाच्या पुढे जमाखर्च जातो.

ब्रेकविषयी मात्र मी जरा आग्रहाने लिहितो, कारण येथे प्रश्न पैशाचा नाही. २००२ ते २००६ या काळातील ई-क्लासमध्ये सेन्सोट्रॉनिक नावाची ब्रेकप्रणाली होती, जिच्यात चालकाच्या पायाचा दाब थेट चाकापर्यंत न जाता संगणकाला कळवला जाई आणि विजेवर चालणारा पंप ब्रेक लावी. २००४ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार मोटारी कंपनीने यासाठी परत बोलावून तपासल्या, २००५ मध्ये आणखी मोठ्या संख्येने बोलावल्या, आणि २००६ मध्ये ई-क्लासमधून ही प्रणाली काढूनच टाकली. या पंपात एक मोजणी चालू असते. ठरावीक लाख वेळा ब्रेक दाबून झाला की फलकावर लाल सूचना येते आणि पंप बदलावा लागतो, ज्याची किंमत कधी कधी अख्ख्या मोटारीच्या उरलेल्या किमतीशी स्पर्धा करते. ती सूचना स्कॅनरने पुसून मोटार विकण्याचे प्रकार घडतात. हा अपराध आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. गावातील कारागिरांसाठीही एक इशारा येथे नोंदवतो: या मोटारीचे ब्रेक पॅड बदलण्यापूर्वी ही प्रणाली स्कॅनर लावून निष्क्रिय करणे आवश्यक आहे, कारण नुसता दरवाजा उघडल्यानेही पंप जागा होऊन ब्रेक आवळू शकतो, आणि त्या वेळी बोटे आत असली तर ती चिरडतात.

विजेच्या दुखण्यांची यादी करू लागलो तर लेख पुरणार नाही. पिंपरीत पहिल्यांदा जुळलेली ई-क्लास ज्या पिढीची होती, त्या पिढीच्या १९९२ ते १९९५ च्या सुमाराच्या मोटारींत तारांवरील वेष्टन असे वापरले गेले की ते इंजिनाच्या उष्णतेने चुरा होऊन गळून पडे. पुढच्या मोटारींत तो दोष नाहीसा झाला, परंतु त्यांच्यात संगणकांची संख्या इतकी वाढली की पाणी हा त्यांचा मोठा वैरी होऊन बसला. मुळशीच्या पावसाविषयी इथल्या माणसाला मी काय सांगावे! पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी, एक पन्हळ असते; पावसाचे पाणी तिच्यातून दोन्ही बाजूंच्या भोकांवाटे खाली जावे अशी योजना आहे. आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या मोटारीत ही भोके पाल्याने बुजतात, पाणी तुंबते, आणि फ्यूज-रिलेचे जे मोठे नियंत्रक असतात त्यांच्यात किंवा पायाखालच्या गालिच्यात शिरते. मग रात्री दोन वाजता हॉर्न आपोआप वाजणे, काचा खाली न येणे, बॅटरी रोज उतरणे असे चमत्कार सुरू होतात आणि मालक बॅटरीमागून बॅटरी बदलत राहतो. मिरगाच्या आधी ते प्लास्टिकचे झाकण उचलून, मूठभर पाला काढून, तांब्याभर पाणी ओतून ते खाली चाकामागे पडते की नाही हे पाहणे, एवढ्या कामाला पैसाही लागत नाही.

भातकापणी झाली की शेतातले उंदीर घराकडे वळतात, आणि गरम इंजिनाच्या आवरणाखालील कोरडी ऊब त्यांना फार आवडते. त्यांनी कुरतडलेल्या हार्नेसचा खर्च हा नेऱ्यासारख्या गावातील मालकाच्या वाट्याला येणारा खास खर्च आहे. कंपनीच्या नियमाने अखंड हार्नेस बदलायचा असतो. चांगला इलेक्ट्रिशियन मात्र एकेक तार जोडून, डाग देऊन, नळी चढवून तेच काम अल्प खर्चात करतो, आणि ते टिकते. जी मोटार आठवड्यातून एकदा लग्नाला किंवा देवदर्शनाला निघते तिला हा उपद्रव अधिक, कारण ती अधिक काळ निश्चल उभी असते. अशा मोटारीच्या टाकीतील पेट्रोलचाही विचार करावा. आता देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि दीड-दोन दशकांपूर्वीच्या या मोटारींच्या रबरी नळ्या व सील इतके इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या नव्हत्या. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवण्यापेक्षा ती नियमाने चालवावी, आणि इंधनाच्या नळ्यांना घाम फुटल्यासारखा ओलसरपणा दिसताच त्या बदलाव्यात.

हा खर्च माणसाने कसा पेलावा? येथे तीन वाटा आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात माहिती आणि यंत्रसामग्री पक्की असते, पण तेथे सहसा भाग दुरुस्त करीत नाहीत, अखंड बदलतात, आणि दर त्यांचे असतात. दुसरी वाट स्वतंत्र गॅरेजांची. आज पिंपरी-चिंचवड, भोसरी, बाणेर भागात असे कारागीर आहेत की ज्यांचे शिक्षण कंपनीतच झाले आणि जे आता स्वतःचा व्यवसाय करतात. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने मोटारींच्या मेकॅट्रॉनिक्सचा पदविका-अभ्यासक्रम चालत आलेला आहे, त्याचाही यात वाटा आहे. या गॅरेजांत लेमफोर्डर, साक्स, बोश, माले अशा मूळ उत्पादकांचे भाग वापरतात. यातील मेख अशी की मोटार कंपनी स्वतः पुष्कळसे भाग याच कारखान्यांकडून घेते. खोक्यावर तारा नसला की तोच भाग पुष्कळ स्वस्तात मिळतो. तिसरी वाट जुन्या भागांच्या बाजाराची: पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला. दरवाजा, आरसा, दिवा, आसन, बॉनेट अशा वस्तू तेथून खुशाल घ्याव्यात. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांचा एकही भाग तेथून घेऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हा दिलासा लहान नाही. मात्र मजुरीवरचा कर पूर्वीइतकाच आहे, आणि या मोटारीच्या बिलात मजुरीचा हिस्सा मोठा असतो हे वर दिसलेच.

विम्याच्या भरवशावर कोणी राहू नये. झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई सर्वसाधारण विमा देत नाही. अपघात झाला तरी रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी वजा होते, आणि मोटार दहा वर्षांच्या वरची असेल तर धातूच्या भागांतूनही निम्मी. घसारा न कापणारा जो जादा विमा नव्या मोटारीस मिळतो तो इतक्या जुन्या मोटारीस बहुधा नाकारला जातो. पावसात तुंबलेल्या पाण्यात मोटार बंद पडली असताना पुन्हा पुन्हा चावी फिरवल्यास इंजिनात पाणी ओढले जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि ते नुकसान तुम्ही ओढवून घेतले असे म्हणून दावा फेटाळला जाऊ शकतो. तेव्हा हिंजवडीच्या चौकात पाणी साचलेले दिसले तर उंची गाडी आहे या भरवशावर तिच्यात शिरू नये. बंद पडलीच तर ढकलून बाहेर काढावी.

दप्तरी बाजू सोपी आहे. पंधरा वर्षे पुरी होण्याच्या साठ दिवस आधीपासून प्रादेशिक परिवहन कार्यालयात नूतनीकरणाचा अर्ज देता येतो. एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि विलंब केल्यास दरमहा ५०० रुपयांची भर पडते. मोटार प्रत्यक्ष तपासणीस न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि मग पाच वर्षांची नवी मुदत मिळते. दिल्लीत जुन्या वाहनांवर जसे वयाचे निर्बंध आले तसे महाराष्ट्रात सरसकट नाहीत. येथे सुस्थितीतील जुनी मोटार कायदेशीरपणे चालवता येते, हे पुष्कळांना माहीत नसते आणि घाबरून ते चांगली मोटार भंगारात काढतात.

खरेदी करणाऱ्यास माझे सांगणे एवढेच की मोटार थंड असताना पाहायला जावे, मालकाने आधीच सुरू करून ठेवलेली असेल तर दुसरा दिवस मागावा. रात्रभर सपाट जागी उभी ठेवून सकाळी चारही चाकांवरील मोकळी जागा बोटांनी मोजावी. गिअरबॉक्स तापेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा तास, गर्दीतून चालवावी. एअरकंडिशनरची थंड हवा भर दुपारी तपासावी, कारण आतील कूलिंग कॉइल फुटली असेल तर ती बदलण्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवतात. आणि जितक्या रकमेला मोटार घेतली त्याच्या निदान पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवल्याशिवाय सौदा करू नये. पहिल्या सहा महिन्यांतच तेले, बुश, पट्टे, थर्मोस्टॅट, पाण्याच्या नळ्या आणि टायर यांची थकबाकी वसूल होते, कारण आधीच्या मालकाने ती शेवटच्या दोन वर्षांत तुंबवून ठेवलेली असते.

गॅरेजात मोटार नेल्यावर पहिल्या दिवशी तपासणीचेच पैसे द्यावे लागतात, याची पुष्कळांना चीड येते; काम काहीच केले नाही, नुसता स्कॅनर लावला आणि दोन-अडीच हजार मागितले, असे ते म्हणतात. मला तर हीच रक्कम सर्वांत सार्थकी लागलेली वाटते. अंदाजाने एकेक भाग बदलत जाणाऱ्या कारागिराच्या हाती मोटार दिली तर चार भाग नाहक बदलून पाचव्याशी दोष सापडतो, आणि त्या चार भागांचे पैसे परत मिळत नाहीत. स्कॅनर फक्त संशयिताचे नाव सांगतो. त्याचा पुरावा तारा मोजून, दाब तपासून, हात काळे करून गोळा करावा लागतो, आणि त्या बुद्धीला मोल आहे. नेऱ्या-मारुंजीकडची जी मुले आज या गॅरेजांत हाताखाली काम शिकत आहेत त्यांना ही मजुरी सन्मानाने मिळाली तरच ती या धंद्यात टिकतील. मालकाने आपल्या बाजूने खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, अंदाजापलीकडचे काम विचारल्याशिवाय करू नये असे त्यावर लिहून घ्यावे, आणि मोटार परत घेताना काढलेला प्रत्येक जुना भाग मागून घ्यावा. जांभळ्या रिंगा घातल्या म्हणून सांगितले असेल, तर काढलेल्या नारिंगी रिंगा पिशवीतून हातात आल्याच पाहिजेत.